तारा : आपली, आयरिश, की आणखी कुणाची?

शेवंती
नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे मुलगी झाली. आम्ही डब्लिनला असतो. पोटात असल्यापासून तिचं नाव ठरलेलं आहे, तारा. माझ्या आजीचं नाव. आजीच्या लग्नातला पितळी डबा मी येताना बॅगेत घालून आणला होता. त्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी 'चि. सौ. कां. तारा' असं घातलेलं आहे. घासून घासून 'रा'चा काना आता जेमतेम दिसतो. त्यात मी तांदूळ ठेवते.

गेल्या आठवड्यात बाळाला बघायला इथली सरकारी नर्स घरी आली. नाव सांगितल्यावर तिचा चेहराच खुलला. म्हणाली, "अरे वा, आयरिश नाव ठेवलंत!" मी म्हटलं, नाही हो, आमच्याकडचं आहे, माझ्या आजीचं. तर ती म्हणाली की ताराची टेकडी इथून तासाभरावर आहे, एकदा जाऊन या. त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन. त्यांना हे नाव नकोच आहे. एक तारा चंद्राने पळवलेली, दुसरी वालीची विधवा, लेकराला असलं नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं.

इथे तीन महिन्यांच्या आत जन्माची नोंद करावी लागते, म्हणजे वेळ आहे. पण डोक्यात किडा वळवळतोय. आपली तारा आणि आयरिश तारा एकच का? आणखी कुठेकुठे हे नाव आहे, तिथे अर्थ काय? कुठे वाईट अर्थ होत असेल तर तेही सांगा, आत्ताच कळलेलं बरं.

दिवेलागण
आधी अभिनंदन! नावाचं होईल निवांत. डिंकाचे लाडू खाताय ना? तिकडच्या थंडीत कान बांधून ठेवा, स्वतःचे आणि बाळाचे.

अक्षरधूळ
शेवंतीताई, दोन्ही नावं दिसायला एक, पण कुळं वेगळी.

आपल्या ताऱ्यापासून सुरू करतो. ऋग्वेदात 'स्तृभिः' असं रूप येतं, 'ताऱ्यांनी' या अर्थी. म्हणजे या शब्दाच्या तोंडाशी मुळात 'स' होता. संस्कृतात तो पुढे गळला आणि 'तारा' उरला. बाकीच्या भावंडांनी तो जपला : इंग्रजी स्टार, ग्रीक अॅस्टर, लॅटिन स्टेला, फारसी सितारा. सगळे एकाच घरचे. तेव्हा तुमच्या लेकीला शाळेत कुणी 'स्टार' म्हणालं, तर ते तिचं नावच घेत असेल.

आयरिश ताराचा या घराण्याशी संबंध नाही. टेकडीचं मूळ नाव तेमैर. आजच्या आयरिशमध्ये त्याचा उच्चार साधारण 'त्याउर'च्या जवळ जातो. षष्ठीत, म्हणजे 'तेमैरची टेकडी' म्हणताना, शब्दाचं रूप बदलतं आणि इंग्रजांच्या कानांनी त्या रूपाचं 'तारा' केलं. अर्थाबद्दल अभ्यासकांत मतं दोन. जुन्या मताप्रमाणे जिथून दूरवरचं दिसतं अशी उंच जागा. दुसऱ्या मताप्रमाणे भोवतालापासून कापून वेगळी काढलेली पवित्र जागा, म्हणजे लॅटिनमधल्या देवळाच्या शब्दाशी नातं. यात आकाशातलं काहीच नाही.

वाटसरू
मी चार वर्षं डब्लिनला होतो. ताराच्या टेकडीवर नक्की जा, पण मोठा किल्ला वगैरे असेल असं समजून जाऊ नका. हिरवं गवत, मेंढ्या, गवताखाली झाकलेले गोल बांध आणि खंदक. मध्ये एक उभा दगड आहे, लिआ फॉल. खरा राजा त्याला शिवला की दगड ओरडायचा, अशी कथा आहे. आयर्लंडच्या महाराजांचं हे पीठ. शेजारी दगडी थडग्याची टेपाड आहे, पाच हजार वर्षांची. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला उगवतीचं ऊन तिच्या बोळात शिरतं. आपल्या किरणोत्सवाची आठवण झाली मला.

आणखी एक. ब्रिटनशी जोडलेलं नातं तोडा, अशी मागणी करत डॅनियल ओकॉनेलने याच टेकडीवर लाखोंची सभा घेतली. तारीख १५ ऑगस्ट १८४३. तारीख वाचून मी फलकासमोर थबकलोच!

आता नर्सबाईंच्या मुद्द्याबद्दल. टेकडी फार प्राचीन, यात वाद नाही. पण मुलीचं नाव म्हणून तारा तिथे विसाव्या शतकात आलं. 'गॉन विथ द विंड' या कादंबरीत आयर्लंडहून अमेरिकेत गेलेला एक माणूस आपल्या मळ्याला या टेकडीचं नाव देतो. कादंबरी १९३६ची, चित्रपट १९३९चा. त्यानंतर ते नाव इंग्रजी बोलणाऱ्या देशांत पसरलं. तेव्हा बाईंना प्रेमाने सांगा : टेकडी तुमची जुनी, मुलगी आमची जुनी.

शेवंती
वाटसरू, शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं सांगणार आहे. पुढच्या आठवड्यात त्या वजन करायला येतायत.

रांगडा_गडी
ताई, नाव तारा ठेवताय म्हणजे विषयच नाय! इकडं कोल्हापुरात कावळा नाक्याला येऊन बघा, घोड्यावर बसलेली ताराराणी. आमच्यात शाळेत प्रत्येक वर्गात एक तरी तारा असायची.

सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक, तळबीडची. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा वय पंचवीस. पदरात लहान पोर, समोर औरंगजेब खुद्द दख्खनेत तळ ठोकून. सात वर्षं बाईनं त्याला एक रात्र धड झोपू दिलं नाय. १७०७ला तो इथंच गेला, दिल्ली परत बघितली नाय. आणि बाई? पानिपत होऊन गेल्यावर, १७६१च्या डिसेंबरात गेल्या. शिवाजी महाराजांची सून ती, आणि पानिपतची बातमीपण तिनं ऐकली. एवढा काळ एका माणसानं बघितला.

सासूबाईंना एवढंच सांगा. पुराणातली नको असंल तर आमची घ्या.

विदुलामावशी
शेवंती, सासूबाईंवर रागावू नकोस गं. पहिल्या नातीच्या वेळी मीही अशीच नावं चाळत बसले होते. भीती असते, दुसरं काही नाही. पण त्यांना त्यांच्याच पोथीतून उत्तर देता येईल.

'अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा.' सकाळी म्हणतातच त्या, खात्रीने सांगते. सकाळी उठून जिचं नाव घेतल्याने महापातकं जातात, ते नाव लेकीला का चालू नये?

आणि वालीची तारा नुसती विधवा नाही. किष्किंधेत सगळ्यांत शहाणी तीच. सुग्रीव हरून पळाला आणि पुन्हा आव्हान द्यायला आला, तेव्हा ती वालीला म्हणाली, जाऊ नका, इतक्यात परत आलाय म्हणजे त्याला कुणीतरी मोठा पाठीराखा मिळालाय. वालीने ऐकलं नाही. पुढे सुग्रीव ऐषआरामात रमला आणि लक्ष्मण संतापून दाराशी आला, तेव्हा त्याच्यासमोर जायची कुणाची छाती होईना. सुग्रीवाने तारालाच पुढे केलं. तिने लक्ष्मणाला शांत केलं. वाल्मीकींनी तिला बोलायला भरपूर जागा दिली आहे.

बृहस्पतीच्या ताराचं म्हणशील, तर तिच्यासाठी देव-दानवांत युद्ध झालं. मूल कुणाचं, हे सगळे विचारत होते. खरं उत्तर तिने दिलं, चंद्राचं. तो बुध. बुधाचा मुलगा पुरूरवा, आणि तिथून चंद्रवंश. पांडव त्यातले, यादवही त्यातलेच. म्हणजे कृष्ण ज्या कुळात जन्मला, त्या कुळाची ही मूळ आई. सासूबाई कृष्णभक्त असतील तर हे नक्की सांग.

सरळरेष
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. परदेशातल्या आपल्या मुलींची नावं हल्ली मायरा, मीरा, माया, तारा, अन्या याच्या पलीकडे जात नाहीत. गोऱ्यांच्या जिभेला सोपं पडेल असं चाळणीतून काढलेलं नाव. ज्ञानेश्वरी, मुक्ता, वेणू, कावेरी ही नावं काय वाईट आहेत? समोरच्याला दोनदा विचारू दे की. आपण त्यांची अवघड नावं शिकतोच ना? आयर्लंडमध्येच अशी नावं आहेत की लिहितात एक आणि वाचतात भलतंच, तरी ते लोक ती बदलत नाहीत.

ओवी
सरळरेष, मुद्दा पटतो, पण सोप्या नावाच्या मुलीलाही जीभ वळवावीच लागते. माझी मुलगी तारा, अकरा वर्षांची, आम्ही न्यू जर्सीला. शाळेत कुणी तिला 'टेरा' म्हणतं, कुणी 'टॅरा'. पाच वर्षांची असताना ती घरी येऊन म्हणाली, "आई, माझी दोन नावं आहेत, एक घरचं आणि एक शाळेचं." मला रात्रभर झोप लागली नाही.

तिसरीत तिने स्वतःच मार्ग काढला. नवीन शिक्षिका आल्या तेव्हा हिने वर्गात उभं राहून सांगितलं, "जीभ वर टाळूला नाही, पुढच्या दातांच्या मागे लावा. आता हळूच सोडा." अख्खा वर्ग दातांना जीभ लावून 'ता, ता' करत बसला होता म्हणे. त्या शिक्षिका वर्षभर 'तारा'च म्हणाल्या, अगदी आपल्यासारखं.

शेवंती, आयर्लंडमध्ये 'टॅरा' ऐकायची तयारी ठेव. तिथे ते त्यांचं नाव समजून म्हणतील, त्यामुळे दुरुस्त करणं जास्त नाजूक जाईल.

शेवंती
सरळरेष, राग कशाला? पण आमच्या बाबतीत क्रम उलटा आहे. आधी आजी, मग आयर्लंड. इथे हे नाव असतं हे मला नर्सबाईंनी सांगेपर्यंत डोक्यातही नव्हतं.

ओवी, 'दोन नावं' वाचून पोटात कालवलं. जीभ-दातांचा धडा मी लिहून ठेवलाय.

सरळरेष
आजीचं नाव असेल तर माझा आक्षेप मागे. ठेवाच.

खाडीकाठ
सगळे आकाशाकडे बघताय, जरा पाण्याकडे बघा.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. खाडीपलीकडे मावशीचं घर. लहानपणी तरीवर जाऊन बसायचो. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी, आणि ती लागते ती जागाही तरच. तरवाला लांब बांबू चिखलात रोवून होडी ढकलायचा. भरती असली की बायका पदरात पोरं घट्ट धरून बसायच्या आणि मधोमध होडी डुचमळली की सगळ्यांचं बोलणं बंद. पलीकडे काठाला टेकल्यावर पुन्हा सुरू.

हा 'तर' ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून तारू, तारणे, तीर्थ, अवतार. तॄ म्हणजे ओलांडणे. बौद्धांची तारा देवी म्हणजे 'तारून नेणारी', पलीकडे पोचवणारी. चांदणी हा अर्थ तिला नंतर सहज चिकटला, कारण रात्री होडी हाकणाऱ्याला वाट दाखवतो तो ताराच. दोन वेगळे शब्द, एका रूपात येऊन मिळाले.

ही देवी आठ महाभयांतून सोडवते : सिंह, हत्ती, अग्नी, साप, चोर, बंधन, पाणी आणि पिशाच. ही यादी पुन्हा वाचा. ही घरात बसणाऱ्याची भीती नाही, प्रवासाला निघालेल्या माणसाची आहे. म्हणून व्यापारी तिचे भक्त. कर्नाटकात गदगजवळ डंबळला १०९५ सालचा शिलालेख आहे, व्यापाऱ्यांनी तिचं देऊळ उभारल्याचा. त्याच्याही आधी, शके ७००, म्हणजे इ. स. ७७८मध्ये, जावा बेटावर कलसन इथे तिच्यासाठी मंदिर बांधलं गेलं. समुद्र ओलांडून तिथवर गेली ती. आपल्याकडे वेरूळच्या ६ नंबरच्या लेण्यात ती उभी आहे. कैलास बघून लोक दमतात आणि परत फिरतात, त्यामुळे तिच्यापर्यंत फार कमी जण पोचतात.

मावशीच्या गावाला आता पूल झाला. तर बंद.

अक्षरधूळ
खाडीकाठ, सुरेख. मी धातू विसरून नुसता नक्षत्रांत अडकलो होतो. 'देव तारी त्याला कोण मारी'मधला 'तारी' हा तुमचा, माझा नव्हे.

डोंगरवेडा
खाडीकाठांच्या देवीचं पुढचं सांगतो. ती तिबेटात गेली तेव्हा तिचं नाव नुसतं उचललं नाही, भाषांतर केलं. तिबेटीत ती डोल्मा, सोडवणारी. लडाखमध्ये ज्यांच्या घरी मी चार दिवस राहिलो त्या आजींचं नाव डोल्मा. पहाटे याकच्या शेणाची चूल पेटवताना त्या सारखं काहीतरी पुटपुटायच्या. नीट कान दिला तर 'तारे तुत्तारे तुरे'. मी म्हटलं, आजी, हे तर आमच्या भाषेतलं संबोधन आहे, हे तारे! त्यांना माझं कळलं नाही, मला त्यांचं कळलं नाही. मीठ-लोण्याचा चहा मात्र दोघांनी प्यायला.

तिबेटी परंपरेत सातव्या शतकातल्या सोङत्सेन गाम्पो राजाच्या दोन राण्या ताराची रूपं मानतात. नेपाळची भृकुटी हिरवी तारा आणि चीनची राजकन्या वेनचेंग पांढरी तारा. म्हणजे परक्या देशात लग्न होऊन गेलेल्या दोघीही ताराच.

भुकेला_जीव
तुर्कस्तानात डोल्मा मागितली तर द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात मिळतो. तीही मला तारून नेते.

राइनकाठ
शेवंतीताईंनी वाईट अर्थ विचारला होता, ते कुणीच सांगितलं नाही, म्हणून सांगते. मी जर्मनीत. माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक बटण आहे, त्यावर 'टारा' लिहिलंय. वाडगा ठेवायचा, टारा दाबायचं, काटा शून्यावर येतो, मग पीठ घालायचं. टारा म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन, वजा करायचं ते. मूळ अरबी शब्द, 'काढून टाकलेलं' अशा अर्थाचा. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये 'तारा' शब्दाला खोट, व्यंग असाही अर्थ आहे. पण तिथले लोक माणसाचं नाव ऐकताना तो अर्थ मनात आणत असतील असं मला नाही वाटत. आपण 'माया' नावाच्या मुलीला फसवी म्हणतो का?

उलट पूर्वेकडे सर्बिया, क्रोएशियात तारा हे मुलींचं अगदी लाडकं नाव आहे. माँटेनेग्रोमध्ये तारा नावाची नदी आहे, तिची घळ १३०० मीटर खोल. आम्ही रबरी होडीतून त्या नदीतून गेलो. पाणी इतकं स्वच्छ की वल्ह्याच्या खाली तळाचे गोटे मोजता येत होते. आमच्या होडीतली एक मुलगीही ताराच. "नदीचं नाव ठेवलंय माझं," असं अभिमानाने म्हणाली.

कीवी_काका
न्यूझीलंडहून. वेलिंग्टनच्या बंदराचं माओरी नाव 'ते फांगानुई आ तारा', ताराचं मोठं बंदर. हा तारा पुरुष बरं का, फातोंगा नावाच्या मूळ पुरुषाचा मुलगा. माओरीत तारा म्हणजे टोक, सुळका. सुरय पक्ष्यालाही तारा म्हणतात. संध्याकाळी बंदरावर त्यांचे थवे फिरतात.

लुधियानाकर
पुरुष ताराच म्हणाल तर पंजाबात यावं. मास्टर तारासिंग आठवा. आमच्या गल्लीत तारा म्हणून हाक मारली तर एक आजोबा बाहेर येतात. बंगालमध्येही ताराशंकर, तारापद. तिथे तारा ही दहा महाविद्यांपैकी दुसरी देवी, बीरभूमला तारापीठ आहे.

स्वरवेल
सितार हा शब्दही सिताऱ्यावरूनच ना?

अक्षरधूळ
नाही, तो फारसी 'सेह-तार'. तीन तारांचा. तारेशी नातं, ताऱ्याशी नाही.

भटजीबुवा
धागा भरकटलाच आहे तर अवांतर भर घालतो. मंगलाष्टकांनंतर आम्ही म्हणतो, 'तदेव लग्नं सुदिनं तदेव ताराबलं चंद्रबलं तदेव'. हे शब्द सुरू झाले की मांडवात एकच धावपळ. अंतरपाट धरणारे सावध, वाजंत्रीवाले सनई उचलतात, मामा मुलीला पुढे करतात, हार सापडत नाहीत. या 'ताराबलं'वरून आपल्याला 'तारांबळ' शब्द मिळाला असं सांगतात, आणि मांडवात उभं राहून तीस वर्षं हे बघितल्यावर मला ते पूर्ण पटतं.

ताराबल म्हणजे आपल्या जन्मनक्षत्रापासून त्या दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं. सत्तावीस नक्षत्रं, नऊ-नऊचे तीन फेरे. जन्म, संपत्, विपत्, क्षेम, प्रत्यरि, साधक, वध, मैत्र, अतिमैत्र. शेवंतीताई, सासूबाईंना सांगा, बारशाचा दिवस मी क्षेमतारा बघून काढून देतो. बाळाचं जन्मनक्षत्र कळवा.

दिवेलागण
बाळ झाल्यावर घरात जी असते तिला तारांबळच म्हणतात. नाव अगदी योग्य आहे!

शेवंती
मंडळी, उशीर झाला, माफ करा. रात्री दर दोन तासांनी उठतेय.

भटजीबुवांनी दिवस काढून दिला, मनापासून आभार. विदुलामावशी, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला. पंचकन्यांच्या ओळीला त्या माझ्याबरोबर म्हणायला लागल्या आणि 'तारा'पाशी थांबल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाळण्याला लावायला मी क्रोशाचं तोरण पाठवलंय, पोचलं का?" मी होकार समजले.

नर्सबाई मंगळवारी आल्या. त्यांना टेकडी तुमची, मुलगी आमची हे सांगितलं. खूप हसल्या. मग त्यांना जीभ दातांना लावायला सांगितली. तिसऱ्या वेळी अगदी बरोबर 'तारा' म्हणाल्या. बाळाचं वजन ४ किलो १०० ग्रॅम. काट्यावर दुपटं ठेवून त्यांनी आधी आकडा शून्यावर आणला, तेव्हा मला राइनकाठची आठवण झाली.

बारसं काल झालं. आत्या साताऱ्याला, बाळ डब्लिनला. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' माझ्या दोन मैत्रिणींनी केलं, एक नाशिकची, एक केरळची. नाव सांगायच्या वेळी नवऱ्याने फोन बाळाच्या कानापाशी धरला. तिकडून आत्याने 'कुर्र' केलं आणि नाव सांगितलं. नेमकं तेव्हाच नेटवर्क अडखळलं. 'ता' आलं, आणि 'रा' बऱ्याच वेळाने.

खाडीकाठ, तुमच्या मावशीची होडी माझ्या मनातून जात नाही. आजीचं माहेर वाशिष्ठीपलीकडचं होतं. लग्न होऊन ती तरीतूनच आली होती, तो पितळी डबा मांडीवर घेऊन. हे मला काल आईने सांगितलं.

खाडीकाठ
कुठली तर? दाभोळची की आणखी वरची? आईला विचाराल का?

शेवंती
विचारते. बाळ उठलं.